कौलांखालचे भाडेकरू: घरातून उंदीर काढण्याची सव्वाशे वर्षांची गोष्ट

आजचा भाग ऐकता ऐकता एकदा वर बघा. तुमच्या डोक्यावर काय आहे? स्लॅब? पत्रा? पीओपीचं सीलिंग? की कौलं? प्रश्न विचित्र वाटेल. पण सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत हाच प्रश्न डॉक्टर आणि शास्त्रज्ञ विचारत होते, आणि त्याच्या उत्तरावर घरातली माणसं वाचणार की नाही, हे बऱ्याच अंशी अवलंबून होतं.

आजचा विषय आहे उंदीर. म्हणजे नेमकं सांगायचं तर घरातून उंदीर बाहेर काढणं आणि तो परत आत येऊ न देणं. आता तुम्ही म्हणाल, हा काय इतिहासाचा विषय झाला? पिंजरा लावा, औषध टाका, विषय संपला. पण या एका कामासाठी सरकारांनी लष्कर बाहेर काढलं, घरांची छपरं उतरवली, शेपट्यांना बक्षिसं लावली आणि लाखो घरं नव्याने बांधली. त्यात जे यशस्वी झालं ते का झालं आणि जे फसलं ते का फसलं, हे समजून घेतलं तर तुमच्या स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा प्रश्नसुद्धा वेगळा दिसायला लागतो.

चला, सुरू करूया.

"उंदीर पडला"

जुन्या माणसांच्या तोंडी एक शब्दप्रयोग असायचा: "उंदीर पडला." मेला नाही, पडला. कारण तो खरोखरच पडायचा. कौलांच्या फटीतून, आढ्यावरून, माळ्यावरून थेट खाली जमिनीवर. धडधाकट उंदीर असा पडत नाही. तो झिंगल्यासारखा फिरतो, दिवसाउजेडी माणसांसमोर येतो आणि मरतो. असे दोन-चार उंदीर पडले की गाव समजायचं, गाठीचा ताप आला. काखेत नाहीतर जांघेत गाठ, सणसणून ताप, आणि बहुतेकांना काही दिवसांत मृत्यू.

मग काय करायचं? घर सोडायचं. भांडीकुंडी, धान्य, गुरं घ्यायची आणि गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहायचं. महिना, दोन महिने, कधी अख्खा हंगाम. तुमच्या घरात नव्वदीतलं कोणी असेल तर विचारून बघा, त्यांनी त्यांच्या आईवडिलांकडून "प्लेगात माळावर राहिलो होतो" ही गोष्ट ऐकलेली असण्याची बरीच शक्यता आहे.

यात मला एक गंमत दिसते. एरवी आपण प्राण्याला घराबाहेर काढतो. इथे प्राणी घरात राहिला आणि माणसं बाहेर पडली. आणि हा अडाणीपणा नव्हता हं. का नव्हता, ते विज्ञानाला कळायला पुढे बरीच वर्षं लागली.

मांडवी, १८९६

सप्टेंबर १८९६. मुंबईतल्या मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस नावाचे डॉक्टर रुग्ण तपासत होते. मूळचे गोव्याचे, हडफड्याचे. त्यांनी सांगितलं की हा साधा ताप नाही, हा प्लेग आहे. धोबी तलावाला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. रोज हजारो लोक त्याच्या बाजूने जातात.

मांडवीच का? बंदर शेजारी, आणि धान्याची गोदामं तिथेच. गोदामांच्या आसपास दाटीवाटीच्या चाळी. जहाजातून उतरलेल्या उंदराला यापेक्षा चांगला पत्ता कुठला मिळणार?

तेव्हा मुंबईची वस्ती आठ लाखांच्या घरात होती. पुढच्या काही महिन्यांत त्यातली निम्म्याच्या आसपास माणसं शहर सोडून गेली. कोकणात, देशावर, गुजरातेत, जिथे कुणी होतं तिथे. गिरण्यांना माणसं मिळेनात. आणि माणसांबरोबर, त्यांच्या बोचक्यांबरोबर, धान्याच्या पोत्यांबरोबर रोगही पसरला. पुढच्या काही दशकांत या साथीने भारतात एक कोटीहून जास्त माणसं मेली. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी गेल्या, हे तुम्हाला माहीत असेलच.

आता सरकारने काय केलं ते ऐका.

घरावरची चढाई

प्लेगचा जंतू तोवर सापडलेला होता. १८९४ मध्ये हाँगकाँगला अलेक्झांडर यर्सिन यांनी तो ओळखला होता. उंदीरही याच रोगाने मरतात, हेही दिसलं होतं. पण तो उंदरातून माणसात येतो कसा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हाचा समज असा, की घाण, ओल, कोंदट हवा आणि रोग्याचा स्पर्श यांतून तो येतो. म्हणून उपायही तसेच झाले. गटारांत कार्बोलिक आणि समुद्राचं पाणी सोडून ती धुतली गेली. घरांना चुना मारला. जमिनी खणल्या. आत ऊन आणि वारा यावा म्हणून छपरांवरची कौलं उतरवली. जी घरं राहण्यालायक नाहीत असं ठरलं, त्यांच्या भिंतींवर 'यू. एच. एच.' अशी अक्षरं रंगवली. म्हणजे माणसाने राहायला अयोग्य.

आता उंदराच्या बाजूने विचार करा. तुम्ही गटारात राहता आणि कुणी गटारात औषध ओतलं, तर तुम्ही काय कराल? वर याल. तुम्ही कौलांखाली राहता आणि कुणी कौलं काढली, तर? शेजारच्या छपरावर जाल. म्हणजे घर साफ करण्याच्या या कामात, ज्याला काढायला हवं होतं तो निसटत होता, आणि पळताना रोग शेजाऱ्याकडे नेत होता.

आणि माणसं? ती मात्र सापडत होती. १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. हाच कायदा कोविडच्या वेळी आपल्याकडे पुन्हा वापरला गेला. पुण्यात वॉल्टर रँड यांच्या हाताखाली सैनिक घरोघर शिरले. देवघरापासून माजघरापर्यंत तपासणी, रोग्यांना उचलून इस्पितळात, घरच्यांना छावणीत, सामानाची होळी, बायकांची चारचौघांत तपासणी. लोकांचा संताप एवढा वाढला, की २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. हा भाग शाळेत आपण स्वातंत्र्यलढ्याच्या धड्यात शिकतो. पण मला वाटतं तो घराच्या इतिहासाचाही धडा आहे. सरकार घरात शिरलं, माणसांना बाहेर ओढलं, आणि उंदीर आढ्यावरून बघत राहिला.

बरणीतला प्रयोग

आता मुंबईहून कराचीला जाऊ. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. पॉल-लुई सिमाँ नावाचे फ्रेंच डॉक्टर पाश्चर संस्थेच्या वतीने १८९७ मध्ये मुंबईत आले होते. त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. नुकताच मेलेला उंदीर उचलणाऱ्याला प्लेग होतो, पण बराच वेळ पडून राहिलेला उंदीर उचलला तर होत नाही. असं का व्हावं? रोग जर मेलेल्या उंदरात असेल, तर तो दोन्हीत असायला हवा.

त्यांनी विचार केला, की उंदीर मेल्यावर त्याचं अंग थंड पडतं. थंड अंगावरून काय निघून जातं? पिसवा!

२ जून १८९८. कराचीतल्या एका हॉटेलात सिमाँ यांनी काचेच्या मोठ्या बरणीत प्लेगने आजारी उंदीर ठेवला, अंगावर पिसवा असलेला. वर जाळीच्या छोट्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर टांगला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणार नाही, पण पिसू मात्र उडी मारून जाऊ शकेल, अशी रचना. खालचा उंदीर मेला. काही दिवसांनी वरचाही मेला, प्लेगनेच. हातातल्या साध्या वस्तू घेऊन, एका खोलीत, माणूस एवढं मोठं कोडं सोडवतो. मला हा प्रयोग फार आवडतो.

मग जगाने टाळ्या वाजवल्या का? नाही. सरकारी प्लेग आयोगाने त्यांच्या म्हणण्याला फारसं महत्त्व दिलं नाही. पुरावा कच्चा आहे म्हणाले. पुढची काही वर्षं लोकांची घरं तशीच खणली, धुतली, जाळली गेली.

राणीच्या बागेतले गिनीपिग

१९०३ मध्ये मुंबईत ग्लेन लिस्टन नावाचे डॉक्टर काम करत होते. राणीच्या बागेत, हो, आपल्या भायखळ्याच्या राणीच्या बागेत, पाळलेले गिनीपिग पटापट मरायला लागले. लिस्टन यांनी तपासलं तर प्लेग. आणि अंगावर पिसवा सापडल्या त्या उंदरांच्या. गिनीपिगच्या अंगावर एरवी त्या नसतात.

म्हणजे काय झालं? आसपासचे उंदीर मेले, पिसवा उपाशी पडल्या, आणि मिळेल त्या गरम अंगावर चढल्या. माणूस त्या रांगेत पुढचा. लिस्टन यांनी मग चाळींमध्ये तपास केला. जिथे उंदीर पडले होते तिथल्या माणसांच्या अंगावरही उंदरांच्या पिसवा मिळाल्या.

आता माळावर राहायला जाणारे आपले पूर्वज आठवा. उंदीर पडला म्हणजे पिसू मोकळी झाली. मोकळी पिसू घरात आहे. घर सोडलं तर पिसूला माणूस मिळत नाही. त्यांना पिसूचा सिद्धांत माहीत नव्हता, पण त्यांचा उपाय चाळी धुणाऱ्यांच्या उपायापेक्षा बरोबर होता.

परळच्या सहा झोपड्या

आणि आता मी मघाशी विचारलेल्या प्रश्नाकडे येते, छपराच्या.

१९०५ मध्ये प्लेगच्या संशोधनासाठी नवं मंडळ नेमलं गेलं. काम चालायचं परळला, जिथे आज हाफकिन संस्था आहे. या लोकांनी एक भन्नाट गोष्ट केली. त्यांनी प्रयोगासाठी सहा लहान खोल्या बांधल्या. भिंती सारख्या, जमीन सारखी, फरक फक्त छपराचा. दोन खोल्यांवर आपली साधी देशी नळीची कौलं. दोनांवर मंगलोरी कौलं. दोनांवर पन्हळी पत्रा. छपराखाली तारेची जाळी, म्हणजे उंदीर खाली उतरू शकणार नाही, पण पिसू जाळीतून खाली पडू शकेल. मग आत गिनीपिग सोडले, काही निरोगी, काही प्लेगने आजारी, एकत्र.

काय झालं असेल? देशी कौलं म्हणजे उंदरांसाठी तयार बिळांची रांग. एकावर एक उपडी-उताणी नळी, मध्ये पोकळी, उबदार, सुरक्षित. तिथे उंदीर भरपूर, म्हणून पिसवा भरपूर. त्या खोल्यांत प्लेग झपाट्याने पसरला. मंगलोरी कौलांत जागा कमी, उंदीर कमी. आणि पत्र्याखाली उंदरांना थाराच नाही. पिसवा नसल्या, तर तिथे आजारी आणि निरोगी गिनीपिग एकाच ताटात खात असले तरी निरोगी जगत होते.

थांबा, हे नीट लक्षात घ्या. आजारी प्राण्याला चिकटून राहूनही प्लेग होत नव्हता. रोग्याचा स्पर्श, घाण, कोंदट हवा, ज्याच्यासाठी पुण्यामुंबईत माणसांना घरातून ओढून काढलं, ते खरं कारण नव्हतं. कारण छपरात होतं.

त्यांनी अजून काही प्रयोग केले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या गिनीपिगला प्लेग झाला, दोन फुटांवर टांगलेल्याला नाही. कारण पिसूची उडी साधारण चार इंच. काही पिंजऱ्यांभोवती चिकट कागदाचा पट्टा लावला, पिसवा त्यावर अडकल्या आणि आतले प्राणी वाचले. आणि सगळ्यात बोचरी गोष्ट म्हणजे, औषध मारून 'शुद्ध' केलेल्या घरांत गिनीपिग सोडले, तर त्यांतल्याही कित्येकांना प्लेग झाला. जंतुनाशकाने भिंत धुतली गेली. पिसू तशीच राहिली.

याच संशोधकांनी वर्षभरात मुंबईतले लाखाहून जास्त उंदीर तपासले आणि साथीचा क्रम मांडला. आधी गटारातल्या उंदरांत प्लेग येतो. मग तो घरातल्या काळ्या उंदरात, म्हणजे कौलांवर चढणाऱ्या उंदरात. आणि त्यानंतर साधारण दोन आठवड्यांत माणसांत. "उंदीर पडला की निघा" या नियमात तेवढाच वेळ हाताशी होता.

मग मारा की उंदीर!

कारण कळलं. मग उंदीर मारायला घेतले. आणि इथे दुसरा धडा सुरू होतो.

मुंबईत महापालिकेने उंदीर पकडायला माणसं नेमली, पिंजरे लावले. लोकांची मनं मात्र तयार नव्हती. जैन आणि अनेक हिंदू घरांत जीव मारणं पाप, त्यात उंदीर गणपतीचं वाहन. मग मधला मार्ग निघायचा: पिंजऱ्यात पकडायचा आणि लांब नेऊन सोडायचा. लांब म्हणजे बहुतेकदा दुसऱ्याच्या दारात. ही प्रथा आजही जोरात आहे, तुम्हीही पाहिली असेल.

पण समजा मारलेच, तर? घरउंदराची मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं. तुम्ही निम्मे उंदीर मारले तर उरलेल्यांना खाणं आणि जागा दुप्पट. थोड्याच काळात संख्या परत तिथेच.

त्यात पैसे आले की काय होतं, ते व्हिएतनाममधल्या हनोईने दाखवलं. तिथे फ्रेंचांचं राज्य होतं. त्यांनी स्वतःच्या वस्तीखाली झकास आधुनिक गटारं बांधली. उंदरांना तो राजमार्गच वाटला, थेट साहेबाच्या शौचकूपापर्यंत. १९०२ मध्ये सरकारने जाहीर केलं: उंदीर मारा, शेपटी आणून दाखवा, बक्षीस न्या. शेपट्यांचे ढीग यायला लागले. साहेब खूश. मग रस्त्यावर बिनशेपटीचे जिवंत उंदीर दिसायला लागले. लोक शेपटी कापून उंदीर सोडून देत होते, म्हणजे तो पिल्लं घालेल आणि अजून शेपट्या मिळतील. शहराबाहेर काहींनी चक्क उंदरांची पैदास सुरू केली होती. योजना गुंडाळावी लागली. सरकार मोजत होतं शेपट्या. घरात उंदीर आहेत की नाहीत, हे कुणीच मोजत नव्हतं.

आपल्याकडे मुंबई महापालिकेचे मूषक संहारक आजही प्रसिद्ध आहेत. रात्री हातात काठी आणि बॅटरी घेऊन गल्ल्यांमध्ये फिरायचं, एका रात्रीत ३० उंदीर मारायचे, असं त्यांचं गणित. अंगमेहनतीचं आणि धोक्याचं काम आहे, त्यांना मानलं पाहिजे. पण शतकभर मारूनही मुंबईत उंदीर आहेतच. दोष त्यांचा नाही. बादली गळत असताना ते फक्त पाणी पुसतायत.

बांबूची घरं, जावा बेट

बादलीचं भोक बुजवायचा सगळ्यात मोठा प्रयत्न झाला इंडोनेशियातल्या जावा बेटावर. तिथे डचांचं राज्य. १९११ मध्ये मलांग भागात प्लेग आला, ब्रह्मदेशातून आणलेल्या तांदळाबरोबर आलेल्या उंदरांतून. डच डॉक्टरांनी घरं उघडून बघितली तर पोकळ बांबूच्या वाशांत, खाटेच्या पायांत, गवताच्या छपरात उंदरांची घरटी. म्हणजे उंदीर घरात आला नव्हता, घराच्या हाडांतच राहत होता.

त्यांनी ठरवलं की घरच बदलायचं. पोकळ बांबूऐवजी भरीव लाकूड, बांबूची उघडी तोंडं बंद, गवताऐवजी कौलं, आणि तीही अशी बसवायची की मध्ये पोकळी राहू नये. पुढच्या तीस वर्षांत जावामध्ये १५ लाखांच्या आसपास घरं अशी बदलली गेली. जगात क्वचितच कुठे एका प्राण्यासाठी एवढी घरं नव्याने उभी राहिली असतील.

पण हे गोड चित्र नव्हतं. हे सगळं सक्तीने झालं. लोकांची मतं विचारली नाहीत, खर्चाचा बोजा बऱ्याच प्रमाणात गावकऱ्यांवरच पडला. साथही एका फटक्यात संपली नाही, पुढे लसीचीही मदत घ्यावी लागली. पण दिशा बरोबर होती: उंदराच्या मागे धावायचं नाही, त्याची राहायची जागा बंद करायची.

मुंबईत? १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाटीच्या वस्त्या पाडल्या, मोहम्मद अली रोडसारखे रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्यासारख्या वसाहती आखल्या, चाळी बांधल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या ज्या बीआयटी चाळीत अनेक वर्षं राहिले, ती याच ट्रस्टची. चाळी पक्क्या होत्या. पण पाडलेल्या घरांतली बरीच गरीब माणसं नव्या भाड्याला पोचली नाहीत. ती शेजारच्या जुन्या खोल्यांत अजून दाटीने राहायला लागली, कौलांखालच्या त्याच भाडेकरूंबरोबर.

पुढे प्लेग ओसरला. कारणं अनेक आहेत. मुंबईच्या उंदरांमध्येच रोगाला तोंड देण्याची ताकद वाढल्याचं संशोधकांना दिसलं. नंतर पिसवा मारणारं डीडीटी आलं, मग प्रतिजैविकं आली. घरं सुधारली म्हणून सगळं झालं, असं मी म्हणणार नाही. पण घर सोडून बाकी सगळ्यावर लक्ष दिलं तर काय होतं, हे शतकाच्या शेवटी पुन्हा दिसलं. आणि तेही आपल्या मराठवाड्यात.

मामला, १९९४

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आसपासच्या जिल्ह्यांतही लोक घरात झोपायला घाबरत होते. माणसं बाहेर, झोपड्यांत. पण पीक आलं तेव्हा धान्य कुठे ठेवणार? रिकाम्या घरांत. घर, धान्य, अंधार, आणि माणूस नाही. उंदराला अजून काय हवं?

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात लोक तक्रार करायला लागले: उंदीर पडतायत आणि पिसवा फार झाल्यात. पाठोपाठ गाठींच्या तापाचे रुग्ण आले. ओस घरांत वाढलेले उंदीर हेच त्यामागचं कारण मानलं गेलं. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाचा प्लेग जाहीर झाला आणि शहरातून लाखो माणसं पळाली. त्यात मराठी बोलणारे कामगारही खूप होते. तो नक्की प्लेगच होता का, यावर पुढे बराच वाद झाला. पण भीती खरी होती.

बघा ना, १८९६ मध्ये माणसं माळावर गेली म्हणून वाचली. १९९४ मध्ये माणसं माळावर गेली आणि मागे धान्याचं घर उंदरांना मिळालं. फरक एवढाच, की जुनी माणसं जाताना धान्य बरोबर न्यायची. रिकामं घर रिकामं राहत नाही. तुम्ही नाही राहिलात तर दुसरं कुणीतरी राहतं.

सुरतेने मात्र धडा घेतला. १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. रोज कचरा उचलणं, रात्री रस्ते झाडणं, अधिकाऱ्यांनी स्वतः वस्तीत जाऊन बघणं. दोनेक वर्षांत हेच शहर देशातल्या स्वच्छ शहरांमध्ये गणलं जायला लागलं. त्यांनी उंदरांची शेपटी मोजली नाही, त्यांचं ताट उचललं.

मग आपण काय शिकायचं?

आज प्लेगला औषध आहे, घाबरायचं कारण नाही. पण उंदरापासून लेप्टोसारखे आजार पावसाळ्यात दर वर्षी माणसं नेतात, आणि गॅसची नळी, वायर, धान्य, झोप यांचं नुकसान वेगळंच. म्हणून या इतिहासातून निघणाऱ्या चार गोष्टी सांगते.

एक, पहिला प्रश्न "उंदीर कसा मारू?" हा नको. "तो आत कुठून आला?" हा हवा. लहान चिचुका उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून येतो. पाइप भिंतीत शिरतो ती जागा, दाराखालची फट, एसीच्या वायरचं भोक, मोरीची जाळी. नुसता बोळा कोंबू नका, तो कुरतडतो. तारेचा स्क्रबर आत दाबून वर सिमेंट लावा, दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी मारा.

दोन, क्रम महत्त्वाचा. आधी खाणं बंद, मग आतल्यांना पकडणं, मग भोकं बंद. भोकं आधी बुजवलीत तर आतला आतच मरेल.

तीन, मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नका. सिमाँ यांची बरणी आठवा. आणि एका भागात एकदम खूप उंदीर मरून पडत असतील, तर ते गुपचूप फेकून देऊ नका, पालिकेच्या किंवा गावच्या आरोग्य केंद्राला कळवा. साथीत तर नियमच आहे: आधी पिसवांचा बंदोबस्त, मग उंदरांचा. उलटं केलं तर पिसू तुमच्याकडे येते.

आणि चौथी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. घर उंदीरबंद करणं हे एकट्याचं काम नाही. तुमच्या खोलीचं भोक तुम्ही बुजवाल, पण चाळीचं छप्पर, सोसायटीची गटारं, गल्लीतला कचरा? भाडेकरू म्हणतो घरमालकाने करावं, मालक म्हणतो पालिकेने, पालिका म्हणते लोकच घाण करतात. १८९७ मध्येही हेच चाललं होतं. छप्पर दुरुस्त करायला पैसे लागतात, माणसाला हाकलायला शिपाई पुरतो, म्हणून सरकारने माणसाला हाकललं. परळच्या सहा झोपड्यांनी पुढे दाखवून दिलं, की दोष त्या चाळीत राहणाऱ्या माणसात नव्हता, त्याच्या डोक्यावरच्या छपरात होता. आणि ते छप्पर त्याने निवडलेलं नव्हतं, त्याला तेवढंच परवडत होतं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी अमुक वस्तीतल्या लोकांकडे बोट दाखवून "यांच्यामुळेच उंदीर होतात" म्हणालं, तर त्यांना या झोपड्यांची गोष्ट जरूर सांगा.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या आजी-आजोबांकडे प्लेगातली, माळावर राहिल्याची काही आठवण असेल तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. ही माणसं आता फार उरलेली नाहीत. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि हो, आज रात्री तांदळाचा डबा नीट बंद करा!